सत्तेचाळीस पानं आणि अकरा हजार रुपये

आमच्याकडे घटस्थापनेच्या आधी 'दसरा काढतात'. म्हणजे घरातले डबे, भांडी, गोधड्या सगळं अंगणात येतं, भिंतींना चुना लागतो आणि वर्षभराची रद्दी तराजूत जाते. माहूरला तर ही घाई जरा जास्तच, कारण घट बसले की रेणुकामातेच्या दर्शनाला निघालेला कोणी ना कोणी नातेवाईक आपल्या घरी पिशवी ठेवायला येणारच. यंदाही बायकोने माळ्यावरून एक गठ्ठा खाली ओढला. सुतळीने बांधलेला, कडा पिवळ्या पडलेला.

"कामून सांभाळून ठेवलाय हा? दरवर्षी उतरवायचा, दरवर्षी चढवायचा. यंदा देऊन टाकू का?"

नको म्हणालो. ती पुटपुटली आणि गठ्ठा ओसरीवर ठेवून पुढच्या कामाला लागली. मी मात्र सुतळी सोडली आणि सकाळ तिथेच गेली.

तो गठ्ठा ऑक्टोबर २००९ मधला आहे. महाराष्ट्र विधानसभेचं मतदान त्या महिन्याच्या १३ तारखेला झालं आणि २२ तारखेला निकाल लागले. त्या वर्षी दसरा २८ सप्टेंबरला होता आणि लक्ष्मीपूजन १७ ऑक्टोबरला. प्रचाराचा सगळा धुरळा दोन सणांच्या मधल्या दिवसांत उडाला. जुनी रद्दी दसऱ्याला विकलेली, त्यामुळे घरात साठत गेला तो फक्त निवडणुकीचा कागद. हा योगायोग नसता तर आज हे लिहायला माझ्याजवळ काहीच नसतं.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. मी शाळामास्तर. खासगी शाळेत मराठी शिकवायचो आणि बाकीच्या वेळात एका दैनिकाचा माहूरचा वार्ताहर होतो. वीसेक वर्षं. सुरुवातीच्या काळात बातमी कागदाच्या एका बाजूला लिहून, पाकिटात घालून नांदेडला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायची. ती दुसऱ्या दिवशी कार्यालयात पोचायची, तिसऱ्या दिवशी छापून यायची, आणि ते अंक भोकर, हिमायतनगर, किनवट करत आमच्याकडे यायला दुपार व्हायची. पुढे फॅक्स आला, मग ईमेल आला. मानधन म्हणाल तर टपालखर्च निघावा इतकं. खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनची. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, दिवाळी, पुढाऱ्यांचे वाढदिवस. या दिवसांचं 'टार्गेट' ठरलेलं असायचं. तालुक्याच्या गावचा वार्ताहर ज्या सरपंचाच्या, संस्थाचालकाच्या किंवा कंत्राटदाराच्या दारात शुभेच्छांची जाहिरात मागायला जातो, त्याच्याच रस्त्याला पडलेल्या खड्ड्याची बातमी त्याने द्यायची असते. शहरातल्या वाचकाला हे विचित्र वाटेल. आम्हाला कधी वाटलं नाही, आणि तेच जास्त विचित्र.

आता त्या दिवसांची हवा आठवा. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये लातूरच्या विलासरावांचं मुख्यमंत्रिपद गेलं आणि ते नांदेडच्या अशोकराव चव्हाणांकडे आलं. वडील शंकरराव दोनदा मुख्यमंत्री, आता मुलगा. जिल्ह्याला अभिमान होता आणि त्यात खोटं काही नव्हतं. निवडणूक आली तेव्हा चव्हाण भोकर मतदारसंघातून उभे होते. वर्तमानपत्रांतून त्यांच्या सरकारच्या कामगिरीची पानंच्या पानं येऊ लागली. रंगीत, सुबक. 'अशोकपर्व' हा शब्द कानावर बसला. आम्ही वाचली, घडी घातली, ठेवून दिली. आपल्या जिल्ह्याच्या माणसाबद्दल चांगलं छापून आलं तर कोण कशाला भुवया उंचावेल?

भुवया उंचावल्या त्या पालगुम्मी साईनाथ यांच्या. ते तेव्हा 'द हिंदू'चे ग्रामीण विभागाचे संपादक होते. विदर्भ-मराठवाड्याला ते शेतकरी आत्महत्यांवरच्या लेखनामुळे माहीत होते. खेड्यापाड्यांतल्या पत्रकारितेसाठी २००७ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळालेला होता. निवडणुकीनंतर लगेच, २६ ऑक्टोबरला, त्यांनी लिहिलं की महाराष्ट्रात या वेळी बातम्यांची 'पॅकेजं' विकली गेली. पैसे नाहीत तर बातमी नाही. तोवर हे सगळं चहाच्या टपरीवरचं बोलणं होतं. त्याच वर्षीच्या लोकसभेच्या वेळी हिंदीत प्रभाष जोशी याच गोष्टीबद्दल पोटतिडकीने लिहीत होते, ते नोव्हेंबरात गेले. शेजारच्या आंध्रात तर श्रमिक पत्रकारांच्या संघटनेनेच पश्चिम गोदावरी जिल्ह्यातली वर्तमानपत्रं तपासून पाहिली होती. पण नाव-गाव-तारखेसह समोर ठेवता येईल असं उदाहरण लोकांपुढे ठळकपणे आलेलं नव्हतं.

ते आलं ३० नोव्हेंबर २००९ च्या 'द हिंदू'त. आमच्याकडे तो अंक येत नाही. नांदेडहून आलेल्या एका स्नेह्याने त्याची झेरॉक्स आणली आणि दिव्याखाली बसून आम्ही ती शब्दकोश न उघडता वाचली, इतकी ती साधी होती. साईनाथांनी मोठ्या खपाच्या मराठी दैनिकांतली चव्हाणांबद्दलची पूर्ण ४७ पानं गोळा केली होती. त्यांवर कुठेही 'जाहिरात' असा शब्द नव्हता. सगळी बातमी म्हणून छापलेली. त्यातला एक लेख तर 'लोकमत', 'पुढारी' आणि 'महाराष्ट्र टाइम्स' या एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या तीन दैनिकांत आला होता, आणि तिघांतला मजकूर शब्दाला शब्द तोच. मी मास्तर माणूस. परीक्षेच्या हॉलमध्ये पुढच्या आणि मागच्या बाकावरच्या दोन पेपरांत एकच निबंध निघाला तर काय समजायचं, हे मला कोणी सांगायला नको होतं.

दुसऱ्या बाजूला त्यांनी ठेवला होता एक सरकारी कागद. निकालानंतर तीस दिवसांत प्रत्येक उमेदवाराला आपला खर्च जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे सादर करावा लागतो. विधानसभेसाठी तेव्हा मर्यादा दहा लाखांची होती. चव्हाणांच्या हिशेबात वर्तमानपत्रातल्या जाहिरातींवर ५,३७९ रुपये आणि केबल टीव्हीवरच्या जाहिरातींवर ६,००० रुपये दाखवले होते. एकूण ११,३७९. पहिला आकडा होता नांदेडच्या एका छोट्या दैनिकातल्या सहा जाहिरातींचा. एकीकडे ४७ पानं, दुसरीकडे हा आकडा. मोठ्या दैनिकात एक रंगीत पान जाहिरात म्हणून घ्यायचं तर दर लाखांत असतो, हे जाहिराती गोळा करणाऱ्या माझ्यासारख्याला तोंडपाठ होतं.

त्या रात्री मी माझी रद्दी काढली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पेपर एजंटाकडून न खपलेले अंक आणले, आणि ओसरीवर पानं शेजारी शेजारी मांडून बसलो. मला काही शोधायचं नव्हतं, शोध लागलेलाच होता. फक्त हे सगळं आपल्या डोळ्यांखालून गेलं होतं का, एवढंच पाहायचं होतं. गेलं होतं. काही पानांवर तर माझ्या चहाच्या कपाचे गोल डाग होते.

महाराष्ट्राने याआधीही एका मुख्यमंत्र्याला वर्तमानपत्रामुळे हादरलेलं पाहिलं होतं. ऑगस्ट १९८१ च्या अखेरीस अरुण शौरींनी 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये अंतुल्यांच्या प्रतिष्ठानचं आणि सिमेंटच्या वाटपाचं प्रकरण काढलं. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल आला आणि अंतुल्यांना जावं लागलं. त्याच वर्षी शौरींना मॅगसेसे मिळालं. तेव्हा मी तरुण होतो आणि शोधपत्रकारिता म्हणजे बंद कपाटातली फाईल बाहेर काढणं, अशी माझी समजूत झाली होती. नांदेडच्या बाबतीत कपाट नव्हतंच. एक पुरावा घरोघरी दोन-तीन रुपयांना विकला गेला होता आणि दुसरा सरकारी कार्यालयात कायद्याने दाखल झाला होता. दोन्ही एका टेबलावर ठेवणारा माणूस तेवढा जिल्ह्यात निघाला नाही.

का निघाला नाही, याचं उत्तर मी वर टार्गेटबद्दल लिहिलं त्यात बरंचसं आलं. जिल्ह्यात हे कळणारे पत्रकार कमी नव्हते. पण ज्या पानांबद्दल लिहायचं ती आपल्याच किंवा आपल्या भावकीतल्या वर्तमानपत्राची. ते छापणार कुठे?

पुढची कथा कोर्टकचेरीची आहे आणि ती नीट सांगायला हवी, कारण आपल्याकडे आरोप लक्षात राहतो आणि निकाल विसरला जातो. भोकरमध्ये एक लाखाहून अधिक मतांनी हरलेले अपक्ष उमेदवार डॉ. माधवराव किन्हाळकर निवडणूक आयोगाकडे गेले. भाजपचे मुख्तार अब्बास नक्वी, किरीट सोमय्या यांनीही तक्रारी केल्या. चव्हाणांनी आरोप नाकारले. वर्तमानपत्रांचं म्हणणं पडलं की हा मजकूर आम्ही आपण होऊन छापला. मग प्रश्न आला आयोगाच्या अधिकाराचा. उमेदवाराने हिशेब वेळेत दिला एवढंच आयोगाने पाहायचं, की तो हिशेब खरा आहे का हेही तपासायचं? दिल्ली उच्च न्यायालय सप्टेंबर २०११ मध्ये म्हणालं, तपासता येईल. ५ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. १३ जुलै २०१४ रोजी आयोगाने चव्हाणांचा हिशेब कायद्याला धरून नसल्याचं ठरवून, अपात्र का ठरवू नये अशी नोटीस काढली. आणि दोनच महिन्यांत, १२ सप्टेंबर २०१४ रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. त्या मजकुरासाठी चव्हाणांनी पैसे मोजले असं ठरलेलं नाही. म्हणून मीही ते म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की ती पानं माझ्या ओसरीवर आहेत. (राजकारणाची गंमत पाहायची तर ही तक्रार करणाऱ्यांच्याच पक्षात चव्हाण फेब्रुवारी २०२४ मध्ये दाखल झाले.)

मग यातून काही झालंच नाही का? झालं. उत्तर प्रदेशात बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांनी २००७ च्या निवडणुकीत दोन हिंदी दैनिकांत छापून आणलेल्या 'बातम्यां'चा २१,२५० रुपयांचा खर्च दाखवला नव्हता. आयोगाने त्यांना २० ऑक्टोबर २०११ रोजी तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. पैसे देऊन छापलेल्या बातमीपायी आमदारकी जाण्याचं देशातलं हे पहिलं उदाहरण. जिल्ह्याजिल्ह्यांत माध्यमांवर नजर ठेवणाऱ्या समित्या आल्या. संशयास्पद बातमी दिसली की उमेदवाराला नोटीस जाते, आणि उत्तर पटलं नाही तर त्या मजकुराची किंमत त्याच्या खर्चात धरली जाते. मार्च २०१५ मध्ये विधी आयोगाने २५५ व्या अहवालात, पैसे घेऊन बातमी देणं हा निवडणूक गुन्हाच ठरवावा, असं सुचवलं.

पण या सगळ्यात मला सर्वांत बोलकी वाटते ती प्रेस कौन्सिलची हकिगत. कौन्सिलने परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या दोघांची उपसमिती नेमली. त्यांनी सत्तरहून अधिक पानांचा अहवाल लिहिला, वर्तमानपत्रांची नावं घेऊन. ३० जुलै २०१० रोजी कौन्सिलने प्रसिद्ध केला तो मात्र त्याचा डझनभर पानांचा, नावं गाळलेला अवतार. बातम्या विकल्याचा अहवाल वर्तमानपत्रवाल्यांच्याच संस्थेला पुरता छापवेना. माहितीच्या अधिकारात अर्ज झाला, केंद्रीय माहिती आयोगाने आदेश दिला, तेव्हा ऑक्टोबर २०११ मध्ये तो पूर्ण बाहेर आला.

इथवर लिहून थांबता आलं असतं. पण गठ्ठा समोर आहे.

सप्टेंबर २००९ च्या शेवटी आमच्या जिल्हा कार्यालयातून मला फोन आला होता. कोणतं दैनिक ते सांगत नाही. माणूस सज्जन होता आणि त्याच्यावरही वरून दडपण असणार.

"गुरुजी, या वेळी एक यादी पाठवतोय. यादीतल्या उमेदवारांच्या सभा सविस्तर द्यायच्या, फोटोसकट. बाकीच्यांच्या नाही दिल्या तरी चालेल."

"आणि यादीत नसलेल्यांनी काय करायचं?"

"यादीत यायचं."

मी हसलो. आज ते हसणं आठवलं की बरं वाटत नाही. यादीतल्या एकाचं पॅकेज माझ्या ओळखीने ठरलं, ठरलेलं कमिशन मला मिळालं, आणि त्या दिवाळीत आमच्या स्वयंपाकघरात फ्रिज आला. मी कुणाची खोटी बातमी लिहिली नाही, अशी माझी समजूत मी बरीच वर्षं घालत होतो. सभा खरी होती, गर्दी खरी होती. 'प्रचंड' हे विशेषण तेवढं माझं.

पण आमच्या भागातला एक जुना कार्यकर्ता त्या वेळी अपक्ष उभा होता. पायात टायरची चप्पल, खांद्याला शबनम. जंगलभागातल्या वाड्या-तांड्यांवर पायी फिरायचा, रेशनच्या आणि वनजमिनीच्या प्रश्नांवर बोलायचा. तो निवडून येणार नाही हे त्यालाही माहीत होतं. सभा झाली की तो निळ्या शाईने लिहिलेला कागद घेऊन माझ्या ओसरीवर यायचा. कोण अध्यक्ष होतं, कोण काय बोललं, कोणत्या वाडीत पाणी नाही. मी चहा द्यायचो, कागद ठेवून घ्यायचो. तीनदा आला. चौथ्यांदा आला तो कागद न घेता. चहा घेतला आणि अगदी सरळ विचारलं, "गुरुजी, माझी सभा झालीच नाही का?"

मी जागेच्या अडचणीचं काहीतरी बोललो. त्याने मान हलवली आणि गेला. त्याचं डिपॉझिट जप्त झालं. काही वर्षांनी तोही गेला. 'पैसे देऊन छापलेली बातमी' असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर छापलेली पानं येतात. ती मोजता येतात, आयोगापुढे ठेवता येतात, त्यांचा दर काढता येतो. पैसे दिले नाहीत म्हणून न छापलेल्या बातमीचं कात्रण कुठून आणणार? तिची नोटीस कुठली समिती कुणाला देणार? साईनाथांच्या हाती लागली ती ४७ पानं. त्या पानांवरची जागा ज्यांच्या वाट्याची होती त्यांची नोंद फार तर माझ्यासारख्या वार्ताहरांच्या डोक्यात असेल, आणि आम्ही आता एकेक करून कमी होत चाललो आहोत.

२०१० मध्ये मी वार्ताहरकी सोडली. त्यात शौर्य काही नव्हतं. निवृत्ती जवळ आली होती, डोळे अधू झाले होते, आणि पुढच्या निवडणुकीची यादी घ्यायची इच्छा नव्हती. माझ्या जागी आलेला मुलगा हुशार आहे. बातमी मोबाइलवर लिहितो, फोटो त्यावरच काढतो, आणि दिवाळीच्या जाहिरातींसाठी ऊन्हातान्हात फिरतो. मी त्याला उपदेश करत नाही. दोनदा मात्र त्याने जंगलभागातल्या गावांची बातमी दिली तेव्हा ती वाचल्याचं त्याला मुद्दाम फोन करून सांगितलं.

दुपारी बायको चुन्याचे हात पुसत ओसरीवर येऊन बसली. पानं उलटता उलटता रंगीत पुरवणीच्या घडीतून तीन वहीचे कागद खाली पडले. निळी शाई फिकी झालेली, पण अक्षर लागत होतं. तिने चष्मा मागितला आणि पहिला कागद मोठ्याने वाचला. सभेची तारीख, वाडीचं नाव, अध्यक्षस्थानी बसलेल्या बाईंचं नाव, आणि खाली, 'कृपया प्रसिद्धी द्यावी ही विनंती'.

"हे छापलं होतं का तुम्ही?"

"नाही."

तिने तिन्ही कागद सारखे केले, होते तसे पुरवणीत ठेवले, आणि सुतळी ओढून पाहिली. ती मधोमध तुटली. "थांबा, नवी आणते," म्हणाली आणि आत गेली.